वाटेवरची कोपी

ती येळवस दोन हजार सोळाची. सिंधुबाईंना ते साल कुणी सांगावं लागत नाही. त्याच उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं, आणि त्याच भादव्यात मांजरा अशी फुगली की कवठाळीच्या मारुतीच्या पायऱ्या धुऊन गेली. एकाच सालानं माणसाला तहानेनं रडवलं आणि पाण्यानं भिववलं. तरी घरात त्या सालाचं नाव निघालं की सिंधुबाईंना पहिली आठवते ती वाटेवरची कडब्याची कोपी, आणि तिच्या तोंडाशी मांडी घालून बसलेली त्यांची धाकटी जाऊ नीलम्मा.

येळवशीचा आदला दिवस होता. अंगणात गोणपाट अंथरून बायका शेंगा सोलत होत्या. दुसऱ्या दिवशी वेळ अमावस्या. दाराला कडी लावून अख्खं गाव रानात जेवायला जाणार. येळवशीच्या मिसळभाजीला, भज्जीला, तूर, हरभरा, वाटाणा, वाल सगळं ओलं लागतं, आणि ते सोलता सोलता वर्षाच्या गप्पा निघतात. सिंधुबाई, नीलम्मा आणि नीलम्माची सून उज्वला, तिघींच्या मधोमध टरफलांचा ढीग चढत होता.

एवढ्यात बौद्ध वस्तीतल्या सुमनबाई फाटकातून आत आल्या. मागं त्यांची लेक धम्मप्रिया. ती अर्धापूरला शाळेवर होती, सुट्टी काढून आली होती.

"सिंधुबाई, तुमच्या काठाच्या रानात चुना कुणी मारला वो?"

"चुना?"

"हाव. बांधापासून थेट पात्रापतूर. टिप्पर जाईल एवढी रुंद वाट आखली. पोकलेन येऊन बसलंय बाभळीखाली. उद्या वाळू उपसणार ते."

"उद्या येळवस हाय की!"

"म्हणूनच उद्या. गाव रिकामं, कचेरीला सुट्टी. इचारणार कोण?"

धम्मप्रियानं पिशवीतून कागद काढले. "लिलाव वरच्या गावच्या घाटाचा झालाय, मावशी. आपल्या पात्राचा न्हाईच. मी दोनदा अर्ज दिलाय. पोचपावती मिळती, माणूस येत न्हाई."

सिंधुबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. वाळू म्हणजे काय हे त्या उन्हाळ्यानं कवठाळीच्या बायकांना शिकवलं होतं. बोअर आटले, विहिरींचे तळ दिसले, तेव्हा गाव जगलं ते नदीतल्या झिऱ्यांवर. वाळूत दोन हात खड्डा करायचा आणि पाझरून येईल ते पाणी वाटीनं भरायचं, तो झिरा. वाळू आहे तोवर पोटात पाणी. मे महिन्यात सिंधुबाईंच्या आळीचे चारही झिरे मेले. जिता राहिला तो एकच, नदीच्या वळणावरचा, सुमनबाईंचा. बौद्ध वस्तीचा झिरा वेगळा आणि आपला वेगळा, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. आळीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन लांब उभ्या राहिल्या. पाऊल कुणाचंच पुढं पडेना. पहिली पुढं गेली ती नीलम्मा. तिनं आपली घागर सुमनबाईंच्या घागरीमागं ठेवली. सुमनबाईंनी वर्षांचा हिशेब काढला नाही. एवढंच म्हणाल्या, "वाटीनं घ्या. घागर बुडवू नका, गढूळ होतंय." त्या दिवसापासून दोन्ही वस्त्या एका झिऱ्यावर आल्या.

आता तोच झिरा पोकलेनच्या दातांखाली जाणार होता.

"उगं बोंब मारू नका," बाजेवरून आवाज आला. हणमंतराव, सिंधुबाईंचे दीर, नीलम्माचा नवरा. दोन वेळा सोसायटीचे चेअरमन झालेले; अजून बाजेवरही चेअरमनसारखेच बसायचे. "वाट आमीच दिली."

"कुणी दिली भावजी? मला तर कुणी इचारलं न्हाई."

"वहिनी, तुमाला काय इचारायचं? बालाजीनं कागद केलाय. ठेकेदार पार्टनरकी द्यायलाय त्याला. पोरगं हाताला लागायलंय तर लागू द्या की. आन्‌ ज्याच्या नावाचं रान, त्याचा अंगठा हाय कागदावर. सगळं कायद्यात हाय."

काठाचं रान होतं नीलम्माच्या नावावर. बाईच्या नावावर जमीन असली की पाइपलाइनला सवलत मिळते, म्हणून बारा वर्षांपूर्वी हणमंतरावांनीच ते तिच्या नावे केलं होतं.

सगळ्यांनी नीलम्माकडं पाहिलं. तिचे हात चालूच होते. शेंग, दाणे, टरफल. थांबले ते उज्वलाचे हात. "दूध उतू जाईल," असं काहीतरी म्हणत ती उठून आत गेली. चूल पेटलेली नव्हती, हे सिंधुबाईंच्या लक्षात आलं. त्याचा अर्थ मात्र दुसऱ्या दिवशी कळला.

हणमंतराव पारावर निघून गेले, तेव्हा नीलम्मा पहिल्यांदा बोलली. कर्नाटकातल्या भालकीकडची लेक ती. चाळीस वर्षं झाली तरी मराठी दगडावरून चालल्यासारखी जपून बोलायची.

"सुमनबाई, तुमच्यात कडबा हाय?"

"हाय की. का वो?"

"पाच पेंढ्या लागतेत. घरचा काढला की घरात कळतंय."

"आन्‌ काय करता पाच पेंढ्यांचं?"

"येळवशीला काय करतेत? कोपी." तिनं पदरातली टरफलं झटकली. "गाव रिकामं असंल उद्या. रान कुठं रिकामं असतंय?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी कवठाळीच्या सगळ्या वाटा रानाकडं निघाल्या. सिंधुबाईंच्या डोक्यावर आंबिलीचं बिंदगं होतं. त्या छोट्या मडक्यातलं ताक आणि ज्वारीचं पीठ रात्रभर आंबून असा वास सुटतो की माणूस वाट चुकणार नाही. मागं उज्वला, तिच्या डोक्यावर बाजरीच्या उंड्यांची आणि भज्जीची पाटी, कडेवर दोन वर्षांची दामिनी. ज्वारी छातीला लागत होती. हरभरा घाट्यावर आला होता.

दरवर्षी त्यांची पूजेची कोपी वरच्या रानात, विहिरीजवळच्या आंब्याखाली. नीलम्मा आंब्याजवळ थांबलीच नाही. ती तशीच खाली उतरली आणि चुन्याच्या दोन रेघांच्या मधोमध उभी राहिली. तिथं पाच पेंढ्या येऊन पडल्या होत्या.

"अगं, हितं कुठं नीलम्मा?"

"हितंच अक्का."

"भर वाटेत?"

"पांडव काय कमी वाटेत राहिले? बसतेल."

तिनं पेंढ्यांची टोकं बांधली, बुडं फाकवली, वर स्वतःच्या लग्नातलं हिरवं इरकल पांघरलं. पाच पांडव म्हणून नदीतून पाच दगड आणून धुतले. दगडांना चुना लावायचा असतो. तिनं इकडंतिकडं पाहिलं, खाली वाकली, आणि ठेकेदाराच्या माणसांनी मारलेल्या रेघेतलाच चुना बोटानं खरवडून घेतला. सिंधुबाईंना हसू आलं. या बाईच्या डोक्यात रात्रभर काय शिजत होतं, हे त्यांना तेव्हा उमगलं.

सुमनबाई वस्तीतल्या बायका घेऊन आल्या. जिच्या तिच्या डोक्यावर भाकरीचं गाठोडं.

"आमी दगडाच्या पाया पडणार न्हाई बरं का, नीलम्मा. आधीच सांगते."

"पडू नका. बसा मातर गच्च."

"ते आमाला चांगलं जमतंय," सुमनबाई म्हणाल्या आणि वाटेच्या ऐन मध्यावर गोणपाट टाकून बसल्या.

आजूबाजूच्या रानांतून धूर निघत होता, हाका फिरत होत्या. येळवशीला रानात आलेला माणूस, मग तो ओळखीचा असो की वाटसरू, उपाशी जाऊ द्यायचा नाही. सिंधुबाईंनी बांधावर उभं राहून हाळी दिली, "या वोऽ, जेवायला या!" एका रानातली हाक दुसऱ्या रानानं उचलली. जेवणाच्या निमित्तानं बायका आल्या आणि आलेल्या बसत गेल्या. सूर्य डोक्यावर आला तोवर त्या वाटेवर चाळीस-पन्नास बायकांची पंगत पडली होती.

आणि मग इंजिनांचा आवाज आला.

सात टिप्पर होते. पुढं मोटारसायकलवर ठेकेदाराचा मुनशी, मागं बसलेला बालाजी. कोपी बघून बालाजीचं तोंड उतरलं.

"माय! हे काय मांडलं?"

"येळवस."

"वर मांडायची की! ही टिप्परची वाट हाय."

"रान माजं हाय ना? मग कोपी कुठं मांडायची ते मीच ठरवणार. बस. आंबील घे."

मुनशी गोड माणूस होता. हात जोडून म्हणाला, "मावशी, देवाचं हाय, आमी मानतो. दहा मिनिटं बाजूला घ्या. गाड्या गेल्या की परत मांडा."

"मांडलेले पांडव सांजपतूर हलवत न्हाईत," सिंधुबाई म्हणाल्या. आपला आवाज एवढा मोठा आहे, हे त्यांनाच नवीन होतं.

"मग आमी काय सांजपतूर हितं बसावं?"

"बसा की," सुमनबाई म्हणाल्या. "भज्जी बक्कळ हाय."

बायका हसल्या. मुनशीचा गोडवा तेवढ्यावरच संपला. त्यानं मागं हात केला आणि पहिला टिप्पर गुरगुरत पुढं आला. त्याच्या चाकाखाली ढेकळं फुटत होती. दहा हातांवर आला. पाच हातांवर आला. बायकांची कुजबूज थांबली. कुणीतरी पोराला छातीशी धरलं. सिंधुबाईंचे पाय आपोआप उठायला लागले. त्यांनी नीलम्माकडं पाहिलं. ती वाटीत आंबील ओतत होती. धार एका ठिकाणी पडत होती, इकडंतिकडं एक थेंब नाही. तापलेल्या लोखंडाचा वास तोंडावर आला तरी तिनं वर पाहिलं नाही. वाटी भरली, तेव्हा ती हातात धरून मान वर केली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "उतर बाबा. सकाळपासून काय खाल्लं का न्हाई?"

इंजिन बंद झालं.

ड्रायव्हर खाली उतरला. पन्नाशीचा, काळासावळा, गळ्यात मफलर. दगडोबा त्याचं नाव, औरादकडचा होता.

"गाडी घाल, दगड्या!" मुनशी ओरडला.

"साहेब, येळवशीचं ताट पुढं आलंय. ह्याच्यावरनं गाडी घातली तर माजी माय मला घरात घेईल का?" तो चपला काढून बसला. त्याच्यामागं दुसरा उतरला, मग तिसरा. सिंधुबाईंनी भज्जी वाढायला घेतली.

एवढ्यात हणमंतराव तावातावानं बांध उतरून आले. "ऊठ! इज्जत घालवायलीस घराची!"

नीलम्मानं नवऱ्यापुढं पत्रावळ ठेवली. "जेवून बोला."

"मी काय म्हणायलो?"

"ऐकलं. बसा."

चाळीस वर्षांत हणमंतरावांना त्या बाईनं 'बसा' म्हटलं नव्हतं. ते उभेच राहिले.

*

धम्मप्रियानं सकाळपासून सतरा फोन लावले होते. अठरावा लागला. तलाठीही आपल्या रानात येळवस करत होता. दुपार टळल्यावर तो फटफटीवरून आला, कपाळाला गंध, शर्टावर आंबिलीचा डाग.

मुनशीनं ऐटीत कागद पुढं केला. "मालकिणीची संमती. हा अंगठा. हे साक्षीदार."

तलाठ्यानं कागद उलटसुलट पाहिला. "लिलाव ह्या पात्राचा न्हाई, ते मी बघतो. पर वाटेचा कागद बरोबर दिसतोय. मावशी, हा अंगठा तुमचा ना?"

बालाजी आईकडं बघत होता. पस्तीस वर्षांचा बाप्या, पण तोंड असं झालं होतं की सिंधुबाईंना तो विहिरीत बादली टाकून आलेला सात वर्षांचा बालाजी दिसला. हाव म्हणावं, तर नदी जाणार. न्हाई म्हणावं, तर पोटचं पोर चाळीस बायकांसमोर खोटारडं ठरणार, वर पोलिसात जाणार. सिंधुबाईंच्या मनात आलं, आपण असतो तर काय केलं असतं?

"माय, सांग की," बालाजी म्हणाला. "तूच दिलास ना? दिवाळीत, बँकेच्या कागदासंगं?"

नीलम्मानं डावा हात पुढं केला. अंगठ्यावर आडवी, पांढरी, खोल खूण होती. वीस वर्षांपूर्वी ज्वारी काढताना विळा हाडापर्यंत गेला होता. त्या कुटुंबात ती खूण माहीत नाही असं कुणी नव्हतं. कागदावरचा ठसा मात्र कोऱ्या पानासारखा सलग होता.

तलाठ्यानं दोन्हीकडं पाहिलं. "हा तुमचा न्हाई. मग कुणाचा?"

"माजा न्हाई, एवढंच लिहा. कुणाचा, ते इचारू नका."

"तसं कसं मावशी? मला जबाब लिहावा लागतोय."

"माज्यापुरता लिहा."

आणि मागून एक बारीक आवाज आला. "माजा हाय."

उज्वला उभी राहिली होती. दामिनीला तिनं सुमनबाईंच्या मांडीवर दिलं होतं. "ह्यांनी म्हटलं, घरातलाच अंगठा, कुणाचा का असंना. माय अडाणी हाय, तिला काय कळतंय. मी लावला." ती सासूकडं वळली. "आत्याबाई, उन्हाळ्यात तुमी आणलेलं पाणी मी पिले. पोटुशी नव्हते, पर अंगावरची पोर होती. लई पिले. मला कालपासून घास गेला न्हाई."

बालाजी तिच्यावर धावला. त्याच्या आडवे आले ते हणमंतराव. कुणालाच ते अपेक्षित नव्हतं, बहुतेक त्यांनाही नव्हतं.

"हात लावू नको," ते म्हणाले. मग मुनशीकडं वळले. आवाज अजून चेअरमनचाच होता, पण शब्द दुसरेच होते. "जमीन तिच्या नावाची हाय. तिला इचारा. मला काय इचारायचं न्हाई आता." आणि ते पत्रावळीसमोर बसले.

तलाठ्यानं जबाब लिहिला. मुनशीच्या पिशवीत शाईची डबी होती. अंगठे घेत फिरायचं त्याचं कामच. तलाठ्यानं तीच उघडून नीलम्मापुढं धरली.

नीलम्मानं डबीचं झाकण लावलं.

"पेन द्या."

"सही येते तुमाला?" तलाठ्यानं विचारलं. "पाइपलाइनच्या कागदावर तर अंगठा हाय."

"तवा तुमच्यासारख्यांनी हात धरून उठवला. मी दिला न्हाई."

तिनं पेन घेतलं आणि गुडघ्यावर कागद ठेवून लिहायला लागली. सावकाश, गोल, एकात एक गुंतलेली अक्षरं. सिंधुबाई पुढं सरकल्या. ती अक्षरं त्यांनी पाहिली होती. चाळीस वर्षांपूर्वी, नवी नवरी नीलम्मा चुलीजवळ बसून माहेरी पोस्टकार्ड लिहीत होती, आणि सिंधुबाईंनीच ते तिच्या हातून ओढून घेऊन घरभर नाचवलं होतं. "आगं बाई, ही काय जिलब्या पाडतीया!" सासू हसली, सासरे हसले, गडीमाणसं हसली. पोस्टकार्ड चुलीत गेलं. त्यानंतर त्या घरात नीलम्माच्या हाती पेन कुणी पाहिलं नाही. हळूहळू सगळ्यांनी धरूनच चाललं की हिला लिहिता येत नाही, पोटच्या पोरानंही. सातवीपर्यंत शाळा शिकलेली बाई चाळीस वर्षं अडाणी म्हणून त्या घरात नांदली, आणि तिला अडाणी करणारा पहिला हात सिंधुबाईंचा होता.

तलाठी कागद वळवून बघत होता. "हे कानडी हाय. काय लिवलं मावशी?"

"मला येतंय." दगडोबा हात धुऊन पुढं आला. "मी मामाकडं कानडी शाळेत होतो." त्यानं कागद लांब धरला, डोळे बारीक केले आणि शाळेतल्यासारखं मोठ्यानं वाचलं. "'कोट्टिल्ल. कोडुवुदिल्ल.' खाली नाव, नीलम्मा."

"म्हंजी?"

दगडोबानं मफलर काढून खांद्यावर टाकली. "म्हंजी, दिलं न्हाई. देणार न्हाई."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सुमनबाई तेवढ्या उठल्या, कोपीजवळ येऊन नीलम्माच्या शेजारी बसल्या. मग एकेक बाई सरकत जवळ आली. सिंधुबाईंना वाटलं, आपण देव पाहिले, कीर्तनं ऐकली, मोठमोठ्यांची भाषणं ऐकली. पण उभ्या जन्मात आपण कुणापुढं खरोखर लहान झालो असू तर ते आज, या बाईपुढं.

टिप्पर रिकामे परत गेले. मागं जाताना दगडोबाच्या गाडीचं चाक चुन्याच्या रेघेवरून गेलं आणि ती पुसली गेली.

दिवस कलला तसे बायकांनी कडब्याचे टेंभे पेटवले. येळवशीला पिकाभोवती जाळ फिरवतात, इडापिडा टळावी म्हणून. "ओलगे, ओलगे" म्हणत नीलम्मा पुढं, मागं दोन्ही वस्त्यांच्या बायका. दरवर्षी जाळ बांधापर्यंत जाऊन थांबायचा. त्या वर्षी तो बांध ओलांडून नदीत उतरला आणि वळणावरच्या झिऱ्याला वळसा घालून आला.

*

पुढं काय काय झालं, ते सगळं त्या एका दिवसात मिटलं असं नाही. ठेकेदारानं महिन्याभरानं पलीकडच्या काठानं वाट काढून पाहिली. तिथल्या बायकांनी येळवस नसताना कोपी उभारली. चौकशी चौदा महिने चालली आणि शेवटी पोकलेन बाभळीखालून हललं. ठेकेदार दुसऱ्या नदीवर गेला, असं ऐकलं.

उज्वलाला बालाजीनं त्याच आठवड्यात माहेरी धाडलं. चार महिन्यांनी नीलम्मा एकटी एसटीनं गेली आणि तिला घेऊन आली. "सून माजी हाय," एवढंच दारात म्हणाली. आता उज्वला गावात पिठाची गिरणी चालवते.

बालाजीवर गुन्हा नोंदला गेला. पुढं समज देऊन त्याला सोडलं. लातूरला एका हार्डवेअरच्या दुकानात लागला. तीन येळवशींना आला नाही. चौथ्या वर्षी आला, आणि कुणी न सांगता आंबिलीचं बिंदगं डोक्यावर घेऊन चालू लागला. नीलम्मानं त्याला पाहिलं, आणि पत्रावळ वाढली.

हणमंतराव कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. शेवटच्या दिवसांत कुणी घरचं काही विचारायला आलं की म्हणायचे, "आत इचारा." दगडोबानं टिप्पर सोडला, सिमेंटच्या गाडीवर आहे. दर येळवशीला नवराबायको जेवायला येतात. धम्मप्रिया मुख्याध्यापिका झाली. सुमनबाईंचे गुडघे गेलेत, पण उन्हाळा लागला की खुर्ची टाकून झिऱ्यावर बसतात आणि घागर बुडवणाऱ्या पोरींना अजून ओरडतात.

नीलम्मा गेली दोन हजार तेवीसच्या श्रावणात. आजारपण नाही, काही नाही. दुपारी निजली ती निजलीच. त्याआधीची पाच-सहा वर्षं दोघी जावा संध्याकाळी दामिनीची पाटी घेऊन ओसरीवर बसायच्या. सिंधुबाईंनी एकदा हिय्या करून म्हटलं होतं, "नीले, मला शिकव गं ते." कशाबद्दल म्हणताहेत, हे नीलम्मानं विचारलं नाही. त्या पोस्टकार्डाचा विषय तिनं कधी काढला नाही, आणि सिंधुबाईंच्या तोंडून माफीचा शब्द कधी फुटला नाही. पण पाटीवर अक्षर चुकलं की नीलम्मा हाताला धरून ते पुन्हा गिरवून घ्यायची, आणि तेवढ्यात सगळं बोलून व्हायचं.

तेवीसची येळवस पुढच्या जानेवारीत आली. कोपी वाटेवरच्याच जागी उभी राहिली. ती जागा आता ठरलेली. उज्वलानं हिरवं इरकल पांघरलं. पाच दगड मांडले. सिंधुबाईंनी बोट चुन्यात बुडवलं आणि कोपीच्या तोंडाशी, नदीतून आणलेल्या एका सपाट दगडावर सावकाश लिहिलं. गोल, एकात एक गुंतलेली तीन अक्षरं.

दामिनी वाकून बघत होती. नऊ वर्षांची झाली होती ती.

"मोठी आज्जी, जिलबी काढलीस का गं?"

सिंधुबाईंनी बोट पदराला पुसलं.

"न्हाई गं माय," त्या म्हणाल्या. "तुज्या आज्जीची सही हाय ती. हिकडं ये, तुला शिकवते."